पहिली ‘रेसिंग’ सायकल, खिशात वीस हजार : मुंबईच्या उपनगरांतून जुनी सायकल घेताना काय बघाल?

पालघर : सुट्टीच्या दिवशी सकाळी मनोर, विक्रमगड, जव्हारकडच्या रस्त्यांना मुंबईहून आलेले सायकलवाले हमखास दिसतात. बारीक टायर, खाली वळलेलं हँडल, डोक्याला हेल्मेट. ती सायकल बघून आपल्याकडच्या पोरापोरींनाही वाटतं, अशी एक आपल्यालाही हवी. कुणाला शालेय सायकलिंग स्पर्धेत उतरायचं असतं, कुणाला भरतीसाठी दम वाढवायचा असतो, कुणाला नुसती हौस असते. आणि हौस म्हणून घेतली तरी त्यात वावगं काही नाही.

प्रश्न पैशांचा आहे. नावाजलेल्या कंपनीची, गियरची, खऱ्या अर्थाने रोड बाईक म्हणावी अशी नवी सायकल साधारण पंचवीस-तीस हजारांपासून सुरू होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तेवढाच दिलासा. भाताचे पैसे हातात आल्यावर त्यातले वीस हजार बाजूला काढणाऱ्या घराला तीस हजारांचा आकडा परवडत नाही. मग मोबाईलवर शोधाशोध सुरू होते आणि पोरगं दोनपैकी एका खड्ड्यात पडतं. एक तर आठ-दहा हजारांची ‘रेसिंग’ दिसणारी सायकल ऑनलाइन मागवतं, नाहीतर भलत्याच माणसाला आगाऊ पैसे पाठवून बसतं.

तिसरी वाट आहे ती बोरिवली, अंधेरी, मुलुंड, घाटकोपरच्या सोसायट्यांतून जाते.

उपनगरात जुना माल का मिळतो?

२०२० च्या लॉकडाऊननंतर शहरात सायकलींना एकदम मागणी आली. जिम बंद, बागा बंद, म्हणून अनेकांनी वीस, तीस, चाळीस हजारांच्या सायकली घेतल्या. ऑफिसं पुन्हा सुरू झाली, लोकलची गर्दी परत आली आणि त्यातल्या कित्येक सायकली बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, खांबाला टेकून, धूळ खात उभ्या राहिल्या. घरात जागा नाही, चालवायला वेळ नाही, म्हणून मालक निम्म्या किमतीला, कधी त्याहूनही कमीत काढून टाकतो. बारा ते सोळा हजारांत चांगल्या कंपनीची सायकल मिळू शकते ती अशी.

पण इथेच एक गोम आहे. जाहिरातीत हमखास लिहिलेलं असतं, ‘फक्त २०० किलोमीटर चालवलेली, नव्यासारखी’. न चालवलेली सायकल म्हणजे चांगली सायकल, असं नसतं. चार-पाच पावसाळे खाऱ्या, दमट हवेत उभी राहिलेली सायकल आतून गंजते. केबल कव्हरमध्ये अडकतात, टायरच्या रबराला बारीक भेगा पडतात, सीटचा दांडा फ्रेममध्ये जाम होतो. त्यापेक्षा दर रविवारी चालवलेली, चेनला तेल घातलेली, दोन वेळा टायर बदललेली सायकल केव्हाही उजवी. पाच वर्षं उभ्या असलेल्या ट्रॅक्टरचं काय होतं हे गावात कुणाला सांगायला नको.

आधी हे ठरवा : खरंच रोड बाईकच हवी का?

रोड बाईक डांबरी रस्त्यासाठी असते. टायर २३ ते २८ मिलिमीटर रुंद, पुढे शॉकअप नाही, अंग पुढे झुकवून बसायचं. गुळगुळीत रस्त्यावर ती सुसाट पळते. पण घरापासून डांबरी रस्त्याला लागेपर्यंत तीन किलोमीटर खडी आणि माती असेल, तर रोज पंक्चर काढण्याची तयारी ठेवा.

अशा ठिकाणी हायब्रिड सायकल जास्त शहाणपणाची. तिचं हँडल सरळ, टायर ३२ ते ४० मिलिमीटर, चाकाचा घेर मात्र रोड बाईकएवढाच, म्हणजे ७०० सी. जुनी हायब्रिड सात-आठ हजारांतही मिळते. फक्त पुढे शॉकअप नसलेली घ्या. या किमतीतला शॉकअप म्हणजे दोन-अडीच किलोचं ओझं, बाकी काही नाही. लांब पल्ल्याच्या ‘ब्रेव्हे’ राइड असतात, २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर वीस तासांत पूर्ण करायच्या. त्यांनाही रोड बाईकच पाहिजे असा नियम नाही. हायब्रिडवर त्या पूर्ण करणारे पुष्कळ आहेत.

रोड बाईकच घ्यायची तर टायरच्या दोन्ही बाजूंना फ्रेममध्ये थोडी जागा आहे का ते बघा. २८ मिलिमीटरचा टायर बसत असेल तर आपल्या रस्त्यांवर निभाव लागतो. २३ च्या पुढे काहीच बसत नसेल, तर ती सायकल शहरातच बरी.

आणि त्या आठ-दहा हजारांच्या ‘रेसिंग’बद्दल. हँडल वळलेलं आहे म्हणून ती रोड बाईक होत नाही. जाड लोखंडी फ्रेम, नाव नसलेले गियर, पत्र्याचे ब्रेक आणि वजन पंधरा किलोच्या पुढे, असा तो प्रकार असतो. स्पोकच्या जागी मोटरसायकलसारखी अलॉय चाकं असलेली तर मुळीच घेऊ नका. ती जड असतात आणि एकदा आऊट झाली की कुठलाही मिस्त्री ती सरळ करू शकत नाही. स्पोकचं चाक तालुक्याचा मिस्त्री अर्ध्या तासात सरळ करून देतो.

वीस हजारांची वाटणी

सगळे पैसे सायकलीत घालू नका, सगळ्यात जास्त चूक इथेच होते. हिशेब साधारण असा धरा : सायकल १४ हजारांपर्यंत, घेतल्याबरोबर करावी लागणारी दुरुस्ती ३ हजार, हेल्मेट १,२००, पुढचा-मागचा दिवा ८००, हवेचा पंप, दोन जादा ट्यूब आणि पंक्चरचं सामान १ हजार. जुन्या सायकलीला टायर, ट्यूब, केबल किंवा चेन यातलं काहीतरी लागणारच. टायरला भेगा दिसत असतील तर दोन टायरचे दोन-अडीच हजार तिथल्या तिथे किमतीतून कमी करून मागा. मालकालाही ते माहीत असतं.

फोनवरची फसवणूक

जुन्या वस्तूंच्या अॅपवर आणि फेसबुकच्या ग्रुपवर जाहिराती बघताना एक गोष्ट कायम ध्यानात असू द्या. सायकल डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपयासुद्धा पाठवायचा नाही. ‘मी लष्करात आहे, बदली झालीय, सायकल आर्मीच्या गाडीने पाठवतो, आधी दोन हजार टाका’ ही जुनी चाल आहे आणि अजून चालते. ओळखपत्राचा फोटोसुद्धा पाठवतात, तो भलत्याचाच असतो. तीस हजारांची सायकल कुणी चार हजारांत देत असेल, तर एक तर सायकलच नाही किंवा ती त्याची नाही.

पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

सायकल बघायला दिवसाउजेडी जा, सोबत एखादा मित्र न्या आणि भेट सोसायटीच्या गेटवर किंवा मालकाच्या घरीच ठरवा. स्टेशनबाहेर, पुलाखाली भेटू म्हणणाऱ्याला नमस्कार करा. चोरीच्या सायकली अशाच विकल्या जातात.

कागद मागायला लाजू नका

सायकलला आरसी बुक नसतं, नंबर प्लेट नसते. मालकी दाखवणारा एकच कागद म्हणजे दुकानाचं बिल. बिल हरवलं असेल तर कंपनीचा ऑनलाइन ऑर्डरचा मेसेज किंवा मालकाचे त्या सायकलवरचे जुने फोटो तरी मागा. सायकल उलटी केली की पायडलच्या धुरीखाली फ्रेमवर नंबर कोरलेला दिसतो. त्याचा फोटो घ्या. नंबर खरवडलेला असेल तर तिथूनच माघारी फिरा.

चोरीची वस्तू, चोरीची आहे हे माहीत असताना किंवा तसं समजायला कारण असताना घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. ‘मला काय माहीत’ म्हणून दर वेळी सुटका होत नाही, कारण किंमत फारच कमी असेल तर संशय यायला हवा होता असं पोलीस म्हणणारच. साध्या कागदावर पावती करा : तारीख, दोघांची नावं, पत्ते, फ्रेम नंबर, रक्कम, सह्या. पैसे यूपीआयने द्या, म्हणजे नोंद राहते.

मापाची सायकल

स्वस्त मिळते म्हणून मोठ्या मापाची घेतली तर कंबर, मान आणि गुडघे त्याची किंमत चुकवतात. माप घरीच काढा. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, पायांत वही उभी धरून वर घट्ट दाबा आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत सेंटिमीटर मोजा. त्याला ०.६७ ने गुणलं की फ्रेमचं माप अंदाजे कळतं. ७८ सेंटिमीटर आलं तर ५२ ची फ्रेम. तोच आकडा ०.८८३ ने गुणला की सीटची उंची मिळते. ७८ ला सुमारे ६९ सेंटिमीटर, पायडलच्या धुरीच्या मध्यापासून सीटच्या वरच्या कडेपर्यंत. वरचा दांडा मागे उतरता असलेल्या फ्रेमला पहिला हिशेब तंतोतंत लागू पडत नाही, तिथे कंपनीचा उंचीप्रमाणे दिलेला तक्ता बघावा. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर लहान घ्या. सीट वर करता येते, फ्रेम कापता येत नाही.

सायकल समोर आली की

खिशात एक स्टीलची पट्टी आणि एलन कीचा सेट ठेवा. रंग आणि स्टिकर सगळ्यात शेवटी बघायचे.

पहिली फ्रेम. हँडलखाली जिथे दोन नळ्या मिळतात ती जागा आणि पायडलच्या धुरीभोवतीची जागा फडक्याने पुसून बघा. रंगाला केसासारखी रेघ किंवा फुगवटा दिसला तर तडा असू शकतो. अॅल्युमिनियमच्या तड्याला गावात वेल्डिंग करून चालत नाही, तो पुन्हा तुटतो आणि तो उतारावर तुटला तर माणूस तोंडावर पडतो. नंतर बाजूने उभं राहून पुढचा चिमटा बघा. हँडलखालच्या नळीच्या रेषेतच तो खाली उतरला पाहिजे. मागे दबलेला वाटला तर सायकल समोरून कशाला तरी आदळलेली आहे. कार्बनची फ्रेम या बजेटमध्ये कुणी देऊ केली तरी घेऊ नका. कार्बनची आतली तूट डोळ्यांना दिसत नाही.

सीटचा दांडा वर-खाली करून दाखवायला सांगा. ‘थोडं तेल टाकलं की निघेल’ या उत्तरावर विश्वास ठेवू नका. जाम झालेला दांडा काढताना फ्रेमच जाते.

चेन मोजणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त सांगणारं. चेनच्या एका पिनच्या मध्यावर पट्टीचा शून्य धरा. नव्या चेनची चोविसावी कडी संपते तिथली पिन बरोबर १२ इंचांवर येते. दीड मिलिमीटर पुढे गेली असेल तर चेन बदलायची. तीन मिलिमीटर पुढे गेली असेल तर चेनबरोबर मागच्या दातेरी चकत्याही झिजलेल्या आहेत, म्हणजे खर्च दुप्पट-तिप्पट.

चाक उचलून फिरवा, ब्रेकच्या रबराजवळ डोळा ठेवा. दोन-तीन मिलिमीटरचं आऊट मिस्त्री काढून देतो. रिमचा ब्रेक घासणारा भाग बोटाने चाचपा. आत वाटीसारखा खोल गेला असेल तर रिम संपली. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा, हँडलखाली कटकट लागली तर गोट्या किंवा कप तपासावे लागतील. पायडलचा दांडा धरून आडवा हलवा, तिथेही खेळ नको.

डिस्क ब्रेक की साधे? शहरातले लोक डिस्क सांगतील. गावासाठी रिमवर दाबणारे साधे ब्रेक बरे, त्यांचं रबर आणि केबल कुठेही मिळते आणि कुणालाही बसवता येते.

गियर : नाव वाचा, दात मोजा

बहुतेक गियर शिमानो कंपनीचे असतात आणि त्यांच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. सगळ्यात खाली टूर्नी, मग क्लॅरिस, सोरा, टियाग्रा आणि वर १०५. वीस हजारांत जुनी क्लॅरिस मिळाली तर सौदा चांगला, टूर्नी मिळाली तरी शिकायला पुरते.

रोड बाईकचे गियर ब्रेकच्या मुठीतच बदलतात. उभ्या राहिलेल्या सायकलींमध्ये या मुठींच्या आतलं ग्रीस सुकून घट्ट होतं, मग कळ दाबली तरी ‘टक’ असा आवाज येत नाही आणि गियर पडत नाही. कधी स्प्रे मारून ती सुटते, कधी सुटत नाही. मुठींची नवी जोडी कित्येक हजारांना असते. म्हणून प्रत्येक गियर वर आणि खाली, दोन्हीकडे, चालवत बदलून बघा. फक्त स्टँडवर पायडल फिरवून नाही.

आता दात. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे. तिथे चढायचं तर पुढची लहान चकती ३४ दातांची आणि मागची मोठी चकती २८ किंवा ३२ दातांची हवी. ३४ आणि २८ वर पायडलचा एक फेरा घेतला की सायकल सुमारे अडीच मीटर पुढे जाते. गावातल्या साध्या काळ्या सायकलीला एका फेऱ्यात पाच मीटरच्या वर जातं, म्हणून चढाला उतरून ढकलावी लागते. जुन्या शर्यतीच्या सायकलींना पुढे ३९ आणि मागे २५ दात असतात. तिथे एका फेऱ्याला सव्वातीन मीटर पडतात. मुंबई-पुणे शर्यतीत घाट मारणाऱ्यांना ते जमतं, नव्या माणसाचे गुडघे बोलायला लागतात.

चालवून बघायला मालकाने सोसायटीच्या आवारापेक्षा थोडं पुढे जाऊ दिलं तर उत्तम. चढ असलेला रस्ता मागा. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरी लेण्यांकडे जाणारा रस्ता चढाचा आहे आणि तिथे प्रवेशद्वाराजवळ साध्या सायकली भाड्यानेही मिळतात. चढावर दम किती टिकतो हे सायकल घेण्याआधीच तिथे कळून जाईल.

घरी आणायची कशी?

घेतली त्याच दिवशी हायवेने चालवत आणू नका. घोडबंदरच्या पुढे अहमदाबाद महामार्गावर ट्रक-कंटेनरची रांग असते आणि अनोळखी ब्रेकवर ती जागा शिकण्याची नाही. अंधेरीहून किंवा बोरिवलीहून डहाणू लोकलच्या लगेज डब्यात, लगेजचं तिकीट काढून, दुपारच्या कमी गर्दीच्या वेळी आणता येते. बहुतेक रोड बाईकची दोन्ही चाकं कळ फिरवून हाताने निघतात, ती फ्रेमला दोरीने बांधा. मुलुंड-घाटकोपरला घेतली तर शहापूर-कसाऱ्याकडच्यांना सेंट्रलची लोकल सरळ पडते. दहिसर ते अंधेरी मेट्रो २अ आणि ७ च्या डब्यांत सायकल ठेवायला जागा आहे. स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याला विचारून आत न्या.

मुंबईत चालवून बघायची हौस असेल तर वांद्रे-वरळी सागरी सेतू, कोस्टल रोड आणि अटल सेतूवर सायकलला बंदी आहे, हे ध्यानात ठेवा.

गावात आल्यावर पहिली अडचण : हवा

ही गोष्ट जाहिरातीत कुणी सांगत नाही. रोड बाईकच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक, लांब, टोकाला छोटा स्क्रू असलेला असतो. त्याला प्रेस्टा म्हणतात. गावच्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला बसत नाही. उपाय म्हणजे पितळेचा छोटा अडॅप्टर, किंमत शंभर रुपयांच्या आत. तो लावला की मोटरसायकलचा पंप बसतो. टोकाचा स्क्रू आधी सैल करायचा, मग अडॅप्टर. दोन घेऊन ठेवा, एक हरवतोच.

हवाही जास्त लागते. ६०-६५ किलोच्या माणसाला २५ च्या टायरमध्ये ८५ ते ९० पीएसआय, २८ च्या टायरमध्ये ७० ते ८०. बोटाने दाबून अंदाज घेतला तर हवा कमीच राहते, आणि कमी हवेवर खड्डा लागला की ट्यूब रिमखाली चिरडून तिला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. हवा दर दोन-तीन दिवसांनी बघायची. पेट्रोल पंपावरच्या कॉम्प्रेसरने एकदम हवा मारू नका, एवढ्या लहान ट्यूबला ती क्षणात जास्त होते. ७०० सीची ट्यूब तालुक्याला मिळेलच असं नाही, म्हणून मुंबईतूनच दोन आणा.

नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघातून ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने पूर्ण केली. त्यांच्या सायकलींच्या किमती बघून बिचकायचं कारण नाही. पहिल्या वर्षी सायकलपेक्षा पाय तयार व्हायला जास्त वेळ लागतो.

पहिल्या दीडशे किलोमीटरनंतर नव्या बसवलेल्या केबल ताणून सैल होतात, गियर एकदा पडतो, एकदा पडत नाही. सायकल बिघडली असं समजून घाबरू नका. मागच्या गियरजवळ केबल जिथे आत शिरते तिथे एक छोटी गोल चकरी असते. ती डावीकडे अर्धा आटा फिरवा, चालवून बघा, नाही जमलं तर अजून अर्धा.